गाव बदललं की 'टी' बदलतो: इंग्रजी व्यंजनांचे उच्चार, तुमच्या कानांनी ऐकलेले

रानजाई

नमस्कार मंडळी. मी मूळची सांगलीजवळची, पेशानं परिचारिका. दीड वर्ष झालं, स्कॉटलंडमधल्या ग्लासगोतल्या एका रुग्णालयात वृद्धांच्या वॉर्डात काम करते. इकडे येण्यासाठी ओईटी ही इंग्रजीची परीक्षा दिली, त्यासाठी गावाकडे क्लास लावला होता. तिथे सगळ्यात जास्त बोलणी खाल्ली ती 'र'वरून. 'गर्ल' नाही, 'गऽल' म्हणा. 'वर्ल्ड' नाही, 'वऽल्ड'. र ऐकू आला की गावंढळ वाटतं, असं आम्हाला सांगितलं जायचं. सहा महिने मी रोज पहाटे आरशासमोर उभी राहून बोलण्यातून र काढत होते.

ग्लासगोत आल्यावर पहिल्याच आठवड्यात वॉर्डातल्या एका आजोबांनी मला हाक मारली ती 'गिरल' अशी. र आहे, आणि तोही जिभेचं टोक वर आपटून, आपण 'राम' म्हणताना करतो तसा. 'वर्ल्ड'चं 'वरल्ड' होतं, मध्ये एक अ घालून. 'फिल्म'ला म्हणतात 'फिलम'. माझी आजी जत्रेतल्या तंबूत बघितलेल्या सिनेमाला 'फिलम'च म्हणायची. चारचौघात तसं म्हटलं म्हणून मी तिला एकदा टोकलं होतं. ते आठवून मला फार वाईट वाटलं.

याच आजोबांनी एका रात्री माझ्याकडे काहीतरी मागितलं. मला ऐकू आलं 'वा-अर'. मी पुन्हा विचारलं. पुन्हा 'वा-अर'. तिसऱ्या वेळी त्यांनी थरथरत्या बोटानं पेला दाखवला. त्यांना पाणी हवं होतं. तहानलेल्या माणसाला तीनदा पाणी मागावं लागलं, ते मनातून जाईना. दुसऱ्या दिवशी मी एक वही घेतली आणि ऐकू येईल तसं देवनागरीत लिहून ठेवायला लागले.

वहीतलं थोडं इथे देते. दोन स्वरांमधला टी इथे जिभेवर येतच नाही, घशात अडतो. नको म्हणताना आपण तोंड मिटून 'अं-अं' करतो ना, त्या दोन 'अं'च्या मध्ये घसा क्षणभर बंद होतो, अगदी तसा. 'बटर', 'वॉटर', 'लेटर' सगळ्यांचं तेच. 'थिंक'चं 'हिंक' होतं, 'समथिंग'चं 'समहिन'. 'व्हिच' आणि 'विच' वेगळे: पहिल्यात आधी फुंकर येते, 'ह्विच'. आणि 'लॉख'. सरोवराला ते 'लॉख' म्हणतात, उर्दू शायर 'ख़्वाब' म्हणताना काढतात तो घासलेला ख. मी 'लॉक लोमंड' म्हटलं तेव्हा आजोबांनी मला पाच वेळा 'लॉख' म्हणायला लावलं आणि पाचव्यांदा जमलं तेव्हा टाळी दिली.

एक पाटी तर अशी की स्पेलिंगवरून उच्चार कळणं अशक्य. शहराच्या उत्तरेला एक उपनगर आहे, रोमन अक्षरं आपल्या पद्धतीनं वाचली तर 'मिल्नगेव्ही' होतं. लोक म्हणतात 'मलगाय'. बसमध्ये मी तीन महिने चुकीचं तिकीट मागत होते.

तुम्ही जिथे राहता तिथली व्यंजनं कशी आहेत? फक्त व्यंजनंच लिहूया, स्वर यात आणले तर धागा आवरणार नाही.

व्यंजनवेडा

ताई, ती वही जपून ठेवा.

तुम्हाला जो र काढायला लावला त्याची हकीकत सांगतो, कारण ती आपल्याकडे कुणी सांगत नाही. इंग्लंडमध्येही एके काळी सगळे र म्हणत. स्पेलिंगमध्ये तो आहे कारण तो बोलण्यात होता. स्वरानंतरचा र गळायला लागला तो मुख्यतः १८व्या शतकात, लंडन आणि त्याच्या आसपास. १७९१ साली जॉन वॉकर यांचा उच्चारकोश निघाला. त्यात त्यांनी नोंदवलंय की इंग्लंडात, विशेषतः लंडनमध्ये, 'बार'मधला र इतका घशात गेला आहे की लांबवलेल्या 'आ'पेक्षा फारसा वेगळा उरत नाही. म्हणजे 'गऽल' ही चाल जेमतेम अडीचशे वर्षांची. स्कॉटलंड आणि आयर्लंडनं ती घेतलीच नाही.

इंग्लंडातही ती सगळीकडे पोचली नव्हती. लीड्स विद्यापीठातले हॅरल्ड ऑर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० ते १९६१ या काळात ३१३ ठिकाणी, बहुतेक खेड्यांत, जाऊन तिथल्याच मातीतल्या वयस्क माणसांची बोली टिपून घेतली. त्या नोंदींवरून काढलेल्या नकाशांवर नैऋत्य इंग्लंडचा मोठा पट्टा, लँकेशरचा भाग आणि उत्तरेला नॉर्दंबरलंड, इथे र ठणठणीत दिसतो. आता तो बराच आटलाय. नैऋत्येत आणि लँकेशरच्या ब्लॅकबर्नसारख्या गावांत ऐकू येतो. नॉर्दंबरलंडचा र तर निराळाच होता, पडजिभेपाशी घरघरणारा, फ्रेंचांसारखा. 'रॉबिन्सन क्रूसो' लिहिणाऱ्या डॅनियल डिफोनं १७२० च्या दशकातच त्याच्यावर लिहिलं आहे. तो आता जवळजवळ संपला.

लंडननं र टाकला, पण एका जागी नको तिथे आणलाही. पुढचा शब्द स्वरानं सुरू होत असेल तर र परत येतो: 'फाऽ', पण 'फार अवे'. या सवयीनं मुळात र नसलेल्या ठिकाणीही तो घुसतो. 'लॉ अँड ऑर्डर'चं होतं 'लॉर अँड ऑऽडऽ'. बॉस्टनमध्येही हेच. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी बॉस्टन भागातले. १९६२ मधल्या क्युबाच्या पेचप्रसंगातली त्यांची भाषणं ऐका, 'क्युबर' असं स्पष्ट ऐकू येतं.

एडिसनकर

न्यू जर्सीतून लिहितेय. आमच्याकडे र भरपूर, पण तो आपला आपटणारा र नाही. जीभ मागे ओढून, कुठेच न टेकवता काढलेला. माझ्या आईला तो सगळ्यात अवघड जातो.

टीचं म्हणाल तर अमेरिकेत तो दोन स्वरांच्या मध्ये सापडला की ड आणि र यांच्या मधलं काहीतरी होतो. जीभ वर एकदाच अलगद आपटते. 'वॉडर', 'सिडी', 'बेडर'. 'रायटर' आणि 'रायडर' जवळजवळ सारखेच ऐकू येतात. न नंतरचा टी तर गायबच होतो: 'ट्वेंटी' म्हणजे 'ट्वेनी', 'इंटरनेट' म्हणजे 'इनरनेट'.

आमच्या घरात याचा फटका नावाला बसला. भाचीचं नाव अदिती. शाळेत पहिल्या दिवसापासून ती 'अडीडी' झाली. द पण गेला आणि त पण गेला. बाईंचा काही दोष नाही, त्यांच्या तोंडात दोन स्वरांमध्ये दंत्य त बसतच नाही. पोरीनं पहिलीत असताना मला विचारलं, "मावशी, माझी दोन नावं आहेत का?" मी हो म्हटलं.

लिफीकाठी

डब्लिनमध्ये बारा वर्षं. हा धागा उघडल्याबद्दल रानजाईंचे मनापासून आभार, कारण मला टीएचबद्दल कधीचं लिहायचं होतं.

शाळेत आपल्याला सांगतात की 'थिन' म्हणताना जीभ दातांच्या मध्ये धरून वारा सोडायचा, आपला थ चुकीचा. आता डब्लिनला या. इथे अगणित लोक 'थिन'मध्ये वारा सोडतच नाहीत. जीभ वरच्या दातांना टेकवतात आणि सोडतात. आपल्या 'तीन'मधला त. इंग्लंडचा माणूस हसतो, म्हणतो आयरिश लोक 'थ्री' आणि 'ट्री' सारखंच म्हणतात. त्याला तसं ऐकू येतं कारण त्याच्या कानाला दंत्य आणि त्याच्या मागचा, असे दोन वेगळे टी माहीत नाहीत. आपल्याला माहीत आहेत. मी पहिल्या महिन्यापासून डब्लिनकरांचे 'तिन' आणि 'टिन' वेगळे ओळखत होतो, कारण मराठीनं मला त आणि ट वेगळे ऐकायला शिकवलंय. हे मूळच्या आयरिश भाषेतून आलं. तिच्यात त दंत्य आहे आणि इंग्रजीतला तो वाऱ्याचा टीएच नाही. शतकानुशतकं आयरिश बोलणारी माणसं इंग्रजीकडे वळली, तेव्हा आपल्या तोंडातला त बरोबर घेऊन आली. आपणही तेच केलं, थ आणि द घेऊन आलो.

शब्दाच्या शेवटचा टी मात्र इथे भलताच मऊ आहे. जीभ वर पूर्ण टेकत नाही, फटीतून वारा जातो. 'राइट' म्हणतात तेव्हा शेवटी 'श'सारखी सळसळ येते. सुरुवातीला मला वाटायचं समोरचा मला गप्प करतोय.

आणि हो, 'फिलम' आमच्याकडेही.

बोरघाट

मी पुण्यात सात वर्षं कॉल सेंटरांसाठी 'व्हॉइस अँड ॲक्सेंट' शिकवत होते. आमच्या भाषेत याला 'एमटीआय काढणं' म्हणायचे, म्हणजे मातृभाषेची छाप काढणं. हा शब्द मला कधीच आवडला नाही, पण काम तेच होतं. त्यातून जे कळलं ते सांगते.

टीएच आम्ही शिकवायचो, पण त्यामुळे ग्राहकाला समजलं नाही असं क्वचितच व्हायचं. गोंधळ व्हायचा तो प, ट, क वरून. इंग्रज किंवा अमेरिकन माणूस 'पिन' म्हणतो तेव्हा प सोबत हवेचा झोत येतो, आपल्या 'फळ'मधल्या जुन्या फ सारखा, ओठ मिटून काढलेला. आपण 'पिन' म्हणतो तो कोरडा प. त्यांच्या कानाला कोरडा प म्हणजे ब. मुलगी फोनवर 'पॅट' म्हणायची आणि पलीकडून 'बॅट' असं परत यायचं. आम्ही तोंडासमोर टिश्यू पेपरची पट्टी धरायला लावायचो. पट्टी हलली तर प बरोबर. गंमत बघा, मराठीत प आणि फ ही वेगळी अक्षरं आहेत, म्हणजे झोत आपल्याला येतो, पण इंग्रजीतला 'पी' दिसला की आपण झोत न वापरता बोलतो, कारण लिहिताना तो प आहे.

दुसरा गोंधळ व्ही आणि डब्ल्यूचा. 'वेस्ट' आणि 'व्हेस्ट', 'वाइन' आणि 'व्हाइन'. पहिल्यात ओठ गोल, दुसऱ्यात वरचे दात खालच्या ओठावर. आपला व या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी आहे, ओठ दातांजवळ येतो पण घासत नाही.

व्यंजनवेडा

बोरघाट, व्ही-डब्ल्यूवर एक भर घालतो. मराठी लिहिणाऱ्यांनी हा फरक लिपीत पकडलाय. आपण 'व्हॅन', 'व्हिटॅमिन', 'व्हायोलिन', 'व्हिडिओ' लिहितो आणि 'वॉर्ड', 'वॉच', 'विंडो' लिहितो. हिंदीत दोन्हीकडे व: 'वैन', 'विटामिन', 'वीडियो'. आपल्या जुन्या माणसांनी कान देऊन ऐकलं असणार की या व मध्ये काही जास्तीचं घासणं आहे, आणि त्यासाठी व ला ह जोडला.

'व्हील', 'व्हाइट', 'व्हॉट्सॲप' इथला व्ह मात्र वेगळ्या वाटेनं आलाय. तिथे डब्ल्यूएच आहे, एच दिसला म्हणून आपण ह लिहिला. रानजाईंचे आजोबा तो ह खरोखर म्हणतात, फक्त व च्या आधी. जुन्या इंग्रजीत स्पेलिंगही तसंच होतं, आधी एच, मग डब्ल्यूचा आवाज. लंडननं तो ह टाकला. वॉकर यांनी १७९१ मध्येच हे ह गाळणं लंडनकरांच्या दोषांच्या यादीत घातलंय. त्याच यादीत 'व्ही'च्या जागी 'डब्ल्यू' म्हणणं हाही दोष आहे. म्हणजे आपल्या पोरांना ज्यासाठी बोलणी बसतात, ते अडीचशे वर्षांपूर्वी खुद्द लंडनचे लोक करत होते.

वऱ्हाडची माती

नमस्कार. मी अमरावती जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर इंग्रजी शिकवतो. सगळं मन लावून वाचलं. आनंद झाला, पण एक अडचण मांडतो, रागावू नका.

आमच्या वर्गात पोरं घरून येतात ती 'शाया', 'काया', 'डोया' म्हणत. शाळा, काळा, डोळा. मी त्यांना ळ शिकवतो, पण घरची बोली वाईट आहे असं कधी म्हणत नाही. मग इंग्रजीचा तास. पोरगं विचारतं, सर, 'वॉटर' म्हणू की 'वॉडर'? मोबाइलवर दोन्ही ऐकलेलं असतं. सगळंच बरोबर असं मी म्हणू शकतो का? उद्या हीच पोरं अमरावती, नागपूर, पुण्याला मुलाखतीला जाणार. समोर बसलेला माणूस 'सगळंच बरोबर' म्हणणार नाही. शहरातल्या पोरांना घरातूनच एक उच्चार मिळतो. आमच्या पोरांना तो मिळाला नाही तर नुसकान त्यांचंच. शिकवायला काहीतरी एक प्रमाण धरावं लागतं, आणि ते मी इंग्लंडचंच धरत आलोय.

बोरघाट

सर, रागावण्यासारखं यात काहीच नाही. मीही हाच विचार करून सात वर्षं शिकवलं.

पण इंग्लंडचं प्रमाण म्हणजे नेमकं कुणाचं, हे बघायला हवं. ज्याला आपण 'शुद्ध' ब्रिटिश म्हणतो तो उच्चार इंग्लंडातल्या फारच थोड्या लोकांच्या तोंडी आहे. भाषाशास्त्रज्ञ पीटर ट्रडगिल यांनी १९७० च्या दशकात अंदाज केला होता, साधारण ३ टक्के. पोरांना आपण ज्या माणसांसारखं बोलायला शिकवतो, ती त्यांना आयुष्यात भेटण्याची शक्यता कमीच.

आणि प्रमाण सोडा असं मी म्हणत नाही. काय आधी शिकवायचं, ते ठरवा असं म्हणते. भाषेच्या अभ्यासक जेनिफर जेंकिन्स यांनी २००० साली नेमकं हेच मांडलं. ज्यांची कुणाचीच मातृभाषा इंग्रजी नाही अशी माणसं एकमेकांशी इंग्रजीत बोलतात, तेव्हा कशामुळे अडतं हे त्यांनी बघितलं. टीएच वेगळा निघाला तरी चालतं, असं त्यांना दिसलं. र म्हटलेला बरा, कारण तो स्पेलिंगशी जुळतो. दोन स्वरांमधला टी अमेरिकन पद्धतीनं ड करण्याऐवजी टीच ठेवावा. मात्र शब्दाच्या सुरुवातीच्या प, ट, क मधला झोत हवा, आणि सुरुवातीची जोडाक्षरं मोडू नयेत. म्हणजे 'स्टेशन'चं 'टेसन' होऊ देऊ नका, पण 'गर्ल'मधल्या र वर तास घालवू नका. तुमच्या पोरांना 'वॉटर' सांगा, र सकट. ते डब्लिनला, शिकागोला, सिंगापूरला, सगळीकडे कळेल.

आकाशवाटा

टीएचबद्दल माझ्या कामातला दाखला देतो. मी विमान वाहतूक नियंत्रणात होतो, आता निवृत्त. आंतरराष्ट्रीय रेडिओ संभाषणात आकडे कसे म्हणायचे हे ठरलेलं आहे. ३ ला 'थ्री' म्हणत नाहीत, 'ट्री' म्हणतात. हजाराला 'टाउझंड'. ५ ला 'फाइफ', कारण शेवटचा व्ह खरखरीत हरवतो. ९ ला 'नाइनर', नाहीतर तो जर्मन 'नाइन'सारखा, म्हणजे 'नाही' असा ऐकू येईल. जगभरचे वैमानिक, ब्रिटिश आणि अमेरिकनसुद्धा, यासाठी बांधलेले आहेत. कानात गोंगाट असताना टीएच हा फार अशक्त आवाज आहे. विमानात माणसं बसलेली असतात, तिथे उच्चार कुणाचा उच्चभ्रू हे बघत नाहीत, काय ऐकू जातं ते बघतात.

वऱ्हाडची माती

'ट्री'ची गोष्ट उद्या वर्गात सांगतो. बोरघाट ताई, तुमची यादी लिहून घेतली. पण मुलाखतीचं माझं म्हणणं अजून तिथंच आहे. समोरचा माणूस जेंकिन्सबाईंचं वाचून बसलेला नसतो.

व्यंजनवेडा

सर, तुमचं म्हणणं खरं आहे, आणि त्याला पुरावाही आहे. १९६२ साली न्यूयॉर्कमध्ये विल्यम लबॉव्ह हा तरुण संशोधक तीन मोठ्या दुकानांत गेला: एक श्रीमंतांचं, एक मध्यम, एक स्वस्त. चौथ्या मजल्यावर काय मिळतं ते आधी बघून ठेवलं आणि विक्रेत्यांना त्याच वस्तूचा पत्ता विचारला. उत्तर यायचं 'फोर्थ फ्लोअर'. दोन शब्द, दोन र. ऐकू न आल्यासारखं करून पुन्हा विचारायचा, म्हणजे जपून म्हटलेला उच्चारही मिळायचा. असे २६४ जण. महाग दुकानात ६२ टक्के लोकांनी निदान काही वेळा तरी र म्हटला, मधल्या दुकानात ५१ टक्के, स्वस्त दुकानात साधारण २० टक्के.

म्हणजे न्यूयॉर्कमध्ये र म्हणणं ही प्रतिष्ठेची खूण. लंडनमध्ये त्याच वेळी र न म्हणणं ही प्रतिष्ठेची खूण. आवाज तोच. न्यूयॉर्कही आधी र न म्हणणारंच होतं, अध्यक्ष रूझवेल्ट यांचं १९३३ चं भाषण ऐका, 'फिअर'मध्ये र नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर वारं फिरलं. मुलाखत घेणाऱ्याच्या मनात जी पट्टी आहे, ती पन्नास वर्षांत उलटी होऊ शकते. तुमच्या पोरांना ती आज लागते, हे मात्र तुमचं बरोबर आहे.

पाऊसवेडी

मँचेस्टरहून. आपण मराठी लोक 'सिंगर' म्हणतो तेव्हा ग स्पष्ट म्हणतो, म्हणून मी इथे येताना धास्तावले होते. कारण 'फिंगर'मध्ये ग आणि 'सिंगर'मध्ये नाही, असं पाठ करून आले होते. इथे शेजारच्या काकू दोन्हीकडे ग म्हणतात. 'सिंगर', 'सिंगिंग', 'टंग', सगळीकडे. मँचेस्टर, लिव्हरपूल, बर्मिंगहॅम हा सगळा पट्टा तसा. एकेकाळी सगळेच इंग्रज हा ग म्हणत, बाकीच्यांनी सोडला, यांनी ठेवला.

लिव्हरपूलचा क ऐकलाय का कुणी? 'बॅक'चं 'बॅख'. रानजाईंच्या 'लॉख'चा तोच ख, पण रोजच्या शब्दांत.

एडिसनकर

आमच्या दुकानातला सहकारी 'आस्क'ला 'ॲक्स' म्हणतो. कृष्णवर्णीय कुटुंबातला आहे. मला सुरुवातीला चूक वाटायची. मग कळलं की जुन्या इंग्रजीत दोन्ही रूपं होती आणि १४व्या शतकात चॉसर या इंग्रज कवीनंही 'ॲक्स' लिहिलंय. दोन्ही सारखीच जुनी. त्याला मात्र शाळेत यासाठी वारंवार सगळ्यांसमोर टोकलं गेलं होतं, ते सांगताना त्याचा आवाज बदलला.

वऱ्हाडच्या सरांनी वर 'नुसकान' लिहिलंय, ते वाचून हे लिहावंसं वाटलं. नुकसान, नुसकान. क आणि स यांची तिथेही तीच अदलाबदल आहे.

वऱ्हाडची माती

लिहिताना लक्षातच आलं नाही. राहू द्या तसंच.

लिफीकाठी

अवांतर: एच या अक्षराचं नाव तुमच्याकडे काय? इथे आयर्लंडमध्ये 'हेच'. उत्तर आयर्लंडमध्ये तर 'हेच' म्हटलं की कॅथलिक आणि 'एच' म्हटलं की प्रॉटेस्टंट असं लोक ओळखायचे. दंगलींच्या काळात हे ओळखलं जाणं साधी गोष्ट नव्हती. केरळचे माझे सहकारीही 'हेच'च म्हणतात, आणि इथे कुणाला ते वेगळं वाटत नाही.

रानजाई

दोन दिवस रात्रपाळी होती, आज सगळं एका बैठकीत वाचलं. वहीची चार पानं भरली.

एक नवीन नोंद. आजोबांची नातवंडं काल भेटायला आली होती. ती 'मिल्क' म्हणताना ल म्हणत नाहीत, 'मिऊक' म्हणतात. 'पीपल'चं 'पीपू'. 'थिंक'चं 'हिंक'ही नाही, 'फिंक'. मी तर हे लंडनचं समजत होते.

व्यंजनवेडा

लंडनचंच आहे, आणि ग्लासगोत शिरलंय. ग्लासगो विद्यापीठातल्या जेन स्टुअर्ट-स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या किशोरवयीन मुलांच्या बोलण्यावर पुष्कळ काम केलं आहे. फ आणि हा गळालेला ल, दोन्ही त्यांना कामगारवस्तीतल्या मुलांत सापडले. लंडनमध्ये घडणारी एक टीव्ही मालिका जी मुलं जीव लावून बघत, त्यांच्यात हे जास्त होतं, असं त्यांनी २०१३ साली मांडलं. नुसतं बघणं पुरत नाही, जीव गुंतावा लागतो. मित्रांचा सहवास वगैरे बाकीची कारणं आहेतच.

वऱ्हाडची माती

तिकडे ल चा ऊ होतो, आमच्याकडे ळ चा य. जीभ वर न्यायची ती अर्ध्यातच सोडायची, असंच असावं दोन्हीकडे. आमच्याकडची नवी पोरं मात्र उलट निघाली, आजी 'शाया' म्हणते आणि नात 'शाळा'. ताई, ती नातवंडं साधारण किती वर्षांची?

रानजाई

एक पंधराची, एक सतरा वर्षांचा. र मात्र दोघांचाही आहे, आजोबांइतका आपटून नाही. नातू म्हणाला 'वरल्ड', मी मुद्दाम लक्ष ठेवून ऐकलं. आजोबांनी पाणी मागितलं तेव्हा पेला त्यानंच दिला, त्याला दुसऱ्यांदा विचारावं लागलं नाही. मलाही लागलं नसतं, मी उठलेच होते.